गारठा उतरेपर्यंत

शलाका बोकारे चिलीतल्या सांतियागोहून विमानात चढली तेव्हा तिच्या मुलीला ताप होता. नागपूरला ती उतरली तेव्हा मुलगी नव्हती. मधले चौतीस तास शलाकाच्या लेखी झालेच नव्हते.

तिला जागं केलं सिस्टर रूथ गायकवाड यांनी. नागपूर विमानतळाच्या त्या कोमट, पिवळसर दालनात शलाका गेली दोन वर्षं दर महिन्याला जागी होत होती आणि बहुतेक वेळा समोर सिस्टर रूथच असायच्या. पन्नाशीच्या, जाड भिंगांचा चष्मा लावणाऱ्या, कमी बोलणाऱ्या. नाव काय, कुठून आलात, शंभरातून सात वजा करत चला, हे ठरलेले प्रश्न. शलाकानं त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी असं म्हणून दाखवलं. एरवी एवढं झालं की सिस्टर पुढच्या पलंगाकडे वळायच्या. आज त्या स्टूल ओढून बसल्या.

"मॅडम, घरून निरोप आहे. वाईट आहे. इथेच सांगू का?"

"सांगा."

"तुमची मुलगी काल दुपारी गेली. साध्या तापातून हृदयाच्या स्नायूंना सूज आली, असं तुमच्या मिस्टरांनी कळवलंय. ते बाहेर थांबलेत."

"जुई?" शलाकानं विचारलं. विचारल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्याला मुलगी एकच आहे, तेव्हा हा प्रश्न निरर्थक होता. सिस्टरनी नुसती मान हलवली. शलाकानं पाणी मागितलं, पेलाभर प्यायली, आणि पलंगाखालचे बूट ओढून पायात चढवले. डाव्या बुटाची नाडी सुटली होती, ती नीट बांधली. आपल्याला काहीतरी व्हायला हवं, हे तिला कळत होतं. जिन्याची एक पायरी अजून आहे समजून पाय टाकावा आणि खाली सपाट जमीन लागावी, तसं वाटत होतं. त्यापलीकडे काही नाही.

वाईट बातमी प्रवाशाला याच दालनात द्यायची, हा विमान कंपनीचा नियमच होता. गारठ्यात ऐकलेलं सोसतं, असं त्यांचं म्हणणं होतं आणि घरच्यांनाही बहुधा ते सोयीचं वाटत असे.

गारठा हा शब्द प्रवाशांनी पाडलेला. कंपनीच्या माहितीपत्रकात त्याला ‘भावनिक विलंब’ म्हटलेलं होतं. त्याचं मूळ थोडं मागे होतं. वेगानं उडणाऱ्या विमानांच्या इंधनावर साऱ्या जगानं मिळून निर्बंध आणले, तेव्हा लांब पंखांची, हायड्रोजनवर चालणारी विमानं आली. ती इंधन फार कमी खात, पण त्यांचा वेग जुन्या विमानांच्या जेमतेम निम्मा. नागपूर ते सांतियागो हे अंतर पावणेसतरा हजार किलोमीटर. अरबी समुद्र, मग तिरका आफ्रिका खंड, दक्षिण अटलांटिक आणि शेवटी अँडीजची भिंत. एवढं अंतर त्या वेगानं बसून काढायचं तर माणूस खुर्चीतच वेडा होईल. त्यावर उपाय निघाला तो झोपेचा.

मेंदूच्या तळाशी शरीराचं तापमान ठरवणारं एक लहानसं केंद्र असतं. कपाळाला पट्टा बांधून त्यातून ऐकू न येणाऱ्या ध्वनिलहरी त्या केंद्रावर सोडल्या की शरीर आपली आच मंद करतं. तापमान सत्तावीस अंशांपर्यंत उतरतं, हृदय मिनिटाला पाच-सहा ठोक्यांवर येतं, भूक नाही, तहान नाही, स्वप्नं नाहीत. हिवाळ्यात बिळात पडून राहणाऱ्या प्राण्यांचं शरीर आपणहून जे करतं, ते माणसाकडून करवून घ्यायचं. झोपलेल्या प्रवाशाला खिडकी लागत नाही, जेवण लागत नाही, पाय पसरायला जागा लागत नाही. फळ्यांवर बरण्या मांडाव्यात तशी माणसं मांडता येतात. प्रवाशाला वाटतं, दहा मिनिटांपूर्वी सांतियागोला डोळे मिटले आणि नागपूरला उघडले.

अडचण एकच होती. थंडीत मेंदूच्या पेशी आपले एकमेकींना जोडणारे धागे आखडून घेतात. पानगळीत झाड जसं उघडं होतं तसं. ऊब मिळाली की धागे पुन्हा फुटतात, पण सगळे एकदम नाही. भाषा, आकडेमोड, ओळख, रस्ते हे तासाभरात परत येतं. दुःख, भीती, माया यांच्या वाटा सर्वांत उशिरा जुळतात. त्याला दोन दिवस लागतात, कुणाला तीन. तोवर माणूस सगळं जाणतो आणि त्याला काही वाटत नाही. मग तिसऱ्या दिवशी गारठा उतरतो आणि अडलेलं सगळं एकदम येतं.

बाहेर निशिकांत उभा होता. त्याचा शर्ट दोन दिवसांपूर्वीचा असावा. त्यानं शलाकाचा चेहरा पाहिला आणि मिठी मारायला उचललेले हात खाली घेतले. बॅग मात्र त्यानं तिच्याकडून घेतली. दोघं गाडीत बसले. वर्धा रोडवर उड्डाणपुलाचं काम चालू होतं आणि हे काम मागच्या खेपेपेक्षा बरंच पुढे गेलंय, असं शलाकाच्या मनात आलं.

मनीषनगरच्या त्यांच्या फ्लॅटमध्ये माणसं दाटीनं बसली होती. हॉलमध्ये काचेची शीतपेटी होती आणि तिच्यात जुई. शलाका येताच बायका उठल्या. निशिकांतची मोठी बहीण मंगलाताई पुढे झाली आणि तिला धरायला हात पसरून थांबली. सगळे वाट पाहत होते, आता ही कोसळेल. शलाकाचं लक्ष पेटीवरच्या तापमानाच्या आकड्याकडे गेलं. चार अंश. आपण सत्तावीसवर होतो, तिनं मनात म्हटलं.

तिनं पेटी उघडायला लावली. जुईची उजवी वेणी घट्ट होती, डावी सैल. ती कुणी घातली असं तिनं विचारलं तेव्हा मंगलाताई रडत म्हणाली, मीच, माझे हात थरथरत होते. शलाकानं डावी वेणी सोडली, बोटांनी केस विंचरले आणि पुन्हा नीट घातली. अकरा वर्षांच्या मुलीचे केस. खोलीतल्या सगळ्या बायका तोंडाला पदर, ओढण्या लावून हुंदके देत होत्या आणि त्यांच्या मधोमध ती एकटी कोरड्या डोळ्यांनी वेणी घालत होती. शेवटी रिबिनीची दोन्ही टोकं तिनं सारखी केली.

घाटावरही ती गेली. जे जे सांगितलं ते तिनं केलं. कुणीतरी दबक्या आवाजात दुसऱ्या कुणाला गारठ्याबद्दल समजावून सांगत होतं. ऐकणारी बाई तरीही शलाकाकडे बघत राहिली, अपघात झालेल्या गाडीकडे लोक बघतात तशी.

संध्याकाळी माणसं पांगल्यावर निशिकांत तिच्याजवळ येऊन बसला. तो फिजिओथेरपिस्ट होता. दिवसभर लोकांचे दुखरे सांधे हाताळणारा, सावकाश बोलणारा माणूस. त्यानं तिला सगळं सांगितलं. रविवारी ताप कसा चढला, डॉक्टरांनी तपासून घरी कसं पाठवलं, सोमवारी सकाळी छातीत दुखतंय म्हणाली, हॉस्पिटलात नेताना गाडीत तिनं त्याच्या खांद्यावर कशी मान टाकली, मग आत नेल्यावर त्याला बाहेर कसं थांबवलं. बोलताना त्याचा आवाज अनेकदा बंद पडला. शलाका लक्ष देऊन ऐकत होती.

तो थांबल्यावर तिनं विचारलं, "ऑक्सिजन किती होता?"

निशिकांतनं सांगितलं.

"आणि नेलं तेव्हा?"

तेही त्यानं सांगितलं. "तुला काहीच होत नाहीये ना?" त्यानं विचारलं.

"नाही. गुरुवारी होईल बहुतेक."

"बरं आहे," तो म्हणाला आणि उठून गॅलरीत गेला. त्याला या क्षणी आपला तिरस्कार वाटतोय, हे शलाकाला स्पष्ट कळलं. आकाश ढगाळ आहे हे जसं कळतं तसं.

बुधवारी सकाळी तिनं लॅपटॉप उघडला. शलाकाचं काम होतं दुर्बिणींच्या आरशांवर ॲल्युमिनियमचा थर चढवण्याचं. चिलीच्या वाळवंटात, अंतोफागास्ता शहरापासून दोन तासांवरच्या डोंगरमाथ्यावर, तिच्या वेधशाळेचा आठ मीटरचा आरसा खाली उतरवून निर्वात कोठीत ठेवलेला होता. तिथल्या लोकांनी फार हळुवार पत्र पाठवलं होतं. हवा तेवढा वेळ घे, आम्ही सांभाळू. तिनं उत्तर लिहिलं की शनिवारी पोचते. आणि गुरुवार संध्याकाळचं तिकीट काढलं.

त्यात तिला काही वावगं वाटलं नाही. आरसा उघडा होता. इथलं काम उद्या अस्थी आणल्या की संपत होतं. मंगलाताईला तिनं स्वयंपाकघरात हे सांगितलं तेव्हा मंगलाताईच्या हातातला झारा कढईत तसाच राहिला.

"काहून जाते आता?" ती म्हणाली. "माझ्या भावाकडे बघ तरी एकदा."

शलाकानं बघितलं. निशिकांत जुईच्या खोलीच्या दाराशी जमिनीवर बसला होता, आत नाही आणि बाहेर नाही. तो रविवारपासून झोपलेला नव्हता. त्याला झोपेची गोळी द्यायला हवी, असं तिनं मंगलाताईला सुचवलं.

खरं तर शलाकाला हे सगळं नवं नव्हतं. सुरुवातीला ती महिन्यातले दहा दिवस घरी असायची. पहिले तीन दिवस गारठ्यात जात आणि जुई त्या दिवसांत आईपासून जरा लांबच राही. चौथ्या दिवशी सकाळी ती शलाकाच्या तोंडाकडे निरखून बघे आणि आली म्हणे. मग आठवडाभर घरात नुसता दंगा. पण निघायचा दिवस आला की जुई दप्तर फेकायची, शलाका बाथरूममध्ये नळ सोडून रडायची. पुढे वेधशाळेतलं काम वाढलं आणि दहाचे सात दिवस झाले, साताचे तीन. तीन दिवसांची खेप सोपी जाते, हे तिला हळूहळू कळलं. गारठा उतरायच्या आत परत झोपलं की निघताना काही तुटत नाही. गेलं दीड वर्ष तिनं असंच केलं होतं. दीड वर्षात जुईनं एकदाही ‘आली’ म्हटलं नव्हतं, हे तिला आठवलं, आणि आठवूनही ती भाजी निवडत राहिली.

असं करणारी ती एकटी नव्हती. जागृती दालनात तिनं अशी माणसं पाहिली होती, ज्यांना कुठेच जायचं नसे. सांतियागोला जागं व्हायचं, विमानतळावरच एक दिवस काढायचा आणि पुन्हा नागपूरच्या विमानात झोपायचं. कुणाची बायको गेलेली, कुणाचा धंदा बुडालेला, कुणावर खटला चाललेला. त्यांच्याजवळ सामान नसे.

दुपारी निशिकांत स्वयंपाकघरात आला. त्यानं नळाचं पाणी ओंजळीनं तोंडावर घेतलं आणि तिच्याकडे न बघता म्हणाला, "मलाही घेऊन चल."

"कुठे?"

"तुझ्याबरोबर. विमानात. दोन दिवस तुला बघतोय मी. तू जेवतेस. तुला झोप लागते. मला तसं करून दे."

"ते बरं होणं नसतं, निशी. नुसतं पुढे ढकलणं असतं."

"मग ढकल. जेवढं जाईल तेवढं ढकल." त्याचे ओठ कोरडे पडून फुटले होते. "माझ्याच्यानं हे होत नाही, शलाका. तिच्या मोज्यांना हात लागला तरी..."

शलाकानं विचार केला. तो म्हणत होता त्यात तिला तर्काची चूक सापडली नाही. तिच्या नोकरीमुळे त्याचा व्हिसा कधीचाच झालेला होता, तो एकदाही गेला नव्हता एवढंच. तिनं त्याचंही तिकीट काढलं.

गुरुवारी सकाळी दोघं घाटावर जाऊन अस्थी घेऊन आले. त्या मंगलाताईच्या स्वाधीन केल्या. दाराशी तिनं निशिकांतच्या पाठीवरून हात फिरवला, लहानपणी शाळेला निघताना फिरवत असेल तसा.

विमानतळावर निशिकांत पहिल्यांदा झोपणारा म्हणून त्याची तपासणी आधी झाली. त्याला पातळ सुती कपडे दिले, ढकलपलंगावर निजवलं, कपाळाला पट्टा बांधला. पट्टा अजून चालू केलेला नव्हता. तरीही त्यानं डोळे मिटून घेतले होते आणि दोन्ही हात पोटावर ठेवले होते. पलीकडच्या पडद्याआड सिस्टर रूथ शलाकाला तयार करत होत्या.

त्यांनी शलाकाची नाडी पाहिली, मग तळवा तिच्या कपाळावर ठेवला. यंत्रं सगळी होती, पण सिस्टरना ही सवय होती.

"अंग थोडं कोमट लागतंय," त्या म्हणाल्या.

शलाकाला त्या तळव्याचा खरखरीतपणा जाणवला. साबणाचा वास जाणवला. आणि मग, कुठून ते तिला कळलं नाही, एक विचार आला. रविवारी फोनवर जुई ब्लँकेटमध्ये गुरफटून बसली होती, गाल लाल झालेले, आणि आपण पडद्यावरून तिला म्हणालो होतो, पाणी पी भरपूर. ताप किती आहे ते विचारलं, आकडा ऐकला. तिचं कपाळ कसं लागत होतं ते आपल्याला माहीत नाही. ते आता कधीच कळणार नाही.

तिनं सिस्टरचं मनगट धरून तो तळवा कपाळावर तसाच दाबून ठेवला.

सिस्टर रूथनी हात काढला नाही. "मॅडम, तुमचा उतरायला लागलाय," त्या हलक्या आवाजात म्हणाल्या. "अजून पुरता उतरला नाही. आत्ता पट्टा लावला तर जागच्या जागी थांबेल. तुम्ही सांगाल तसं करते. पण एक सांगू का? तुम्हाला किती वेळा मी अर्धवट झोपवलंय ते मला ठाऊक आहे. यावेळचं खाली जाऊन बसलं ना, तर पुन्हा वर येईल की नाही, कुणीच सांगू शकणार नाही. काहींचं येत नाही. मी बघते अशी माणसं. ती भली असतात, व्यवस्थित असतात."

शलाका पलंगावरून उतरली. पडदा बाजूला करून ती निशिकांतजवळ गेली. त्यानं डोळे उघडले, तिच्याकडे पाहिलं, आणि त्याला लगेच समजलं. तीन दिवस तो जो चेहरा शोधत होता तो आता त्याच्यासमोर होता.

"मी येत नाही," ती म्हणाली. तिचा आवाज तिलाच अनोळखी वाटला. "तूही नको जाऊ. चल घरी."

निशिकांतनं तिचा हात धरला, पण उठला नाही. "मला नाही जमणार," तो म्हणाला. "तू आत्ता आलीस. मी तीन दिवस त्यातच आहे."

ज्या दिवसांत तिनं त्याच्या शेजारी असायला हवं होतं, त्या दिवसांत तिनं ऑक्सिजनचे आकडे विचारले होते. त्याला अडवायचा हक्क आपल्याला नाही, असं तिला वाटलं, आणि तसं वाटणं फार दुखलं. दुखणंही तिला नवं वाटत होतं.

"मग एवढं कर," ती म्हणाली. "तिकडे पोचलास की तीन दिवस परत चढू नकोस. अंतोफागास्ताला माझी खोली आहे, किल्ली वेधशाळेच्या ऑफिसात मिळेल. तीन दिवस तिथे राहा. कबूल?"

"बघतो," तो म्हणाला. मग त्यानं सिस्टर रूथकडे पाहून मान हलवली. त्याची बोटं तिच्या हातात हळूहळू सैल होत गेली आणि गार पडली.

टॅक्सीत ते आलं. वर्धा रोडवर शलाकानं ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं, दार उघडून ती कडेच्या दगडांवर बसली आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला त्यानं चहाच्या टपरीवरची माणसं उठून उभी राहिली. ड्रायव्हर वयस्क होता. त्यानं मीटर बंद केलं आणि तिच्यापासून थोडा दूर, तिच्याकडे पाठ करून उभा राहिला. बऱ्याच वेळानं त्यानं तिला पाण्याची बाटली दिली आणि घरी सोडलं. मंगलाताईनं दार उघडलं. यावेळी पसरलेले हात तिला मागे घ्यावे लागले नाहीत.

पुढचे दिवस शलाकानं जुईच्या खोलीत काढले. तिला जेवण जात नव्हतं, झोप येत नव्हती. जुईनं भिंतीवर उंचीच्या खुणा केल्या होत्या, त्यांपैकी शेवटच्या पाच खुणा तिनं कधी पाहिल्याच नव्हत्या. मंगलाताई तिच्याजवळ बसून जुईच्या दीड वर्षातल्या गोष्टी सांगत राही. सायकलवरून पडली ते, शाळेच्या नाटकात झाड झाली ते, कोणत्या मैत्रिणीशी का अबोला धरला ते. शलाका एकेक गोष्ट दोनदा विचारून घेई.

शनिवारी निशिकांतचा फोन आला. पोचलो, तो म्हणाला. खोली चांगली आहे, खिडकीतून समुद्र दिसतो. इथली माणसं भली आहेत, त्यांनी सूप आणून दिलं, मी दोन वाट्या प्यायलो. मग त्यानं विचारलं, मंगलाताईचं ब्लडप्रेशर बघितलं का.

"निशी," शलाका म्हणाली, "मी तिच्या खोलीत आहे."

"हो का," तो म्हणाला. "गादी उन्हात घालायला हवी होती."

फोन ठेवल्यावर तो हातातच धरून ती बसून राहिली. तिला त्याचा राग आला, एवढा की भिंतीवर डोकं आपटावं. बुधवारी तिच्याकडे बघून त्याला जे वाटलं असेल, तेच होतं हे.

रविवारी त्यानं सांगितलं की उद्याच्या विमानात जागा आहे आणि कंपनीनं विचारलंय. बरं वाटतंय इथे, तो म्हणाला, पण काही करण्यासारखं नाही, तेव्हा परत यायला हरकत नाही. अजून तीन दिवस झाले नाहीत, असं शलाकानं त्याला आठवण करून दिलं. तेही खरंच, तो म्हणाला. त्याच्या बोलण्यावरून तो काय करणार याचा काही अंदाज लागेना. सोमवारी फोन आला नाही. तिनं चार वेळा लावला, उचलला गेला नाही. तो विमानात झोपला असेल तर उचलला जाणारच नव्हता. तसं असेल तर तो इथे येईल तेव्हा समोर तीच वाळूसारखी कोरडी नजर असेल, आणि मग तो पुन्हा जाईल, कारण एकदा जमलं की जमतं, हे तिच्याइतकं कुणाला ठाऊक होतं?

मंगळवारी दुपारी चारच्या सुमारास फोन वाजला. तिकडे सूर्य उगवत असेल. आधी नुसता श्वास ऐकू आला, तुटक, ओला. मंगलाताई दारात आली होती, तिला तिनं हातानं थांबवलं.

"शलाका," निशिकांत म्हणाला. मग पुन्हा कितीतरी वेळ नुसतं रडणं. तो समुद्रकाठी असावा, मागून लाटांचा आवाज येत होता. शेवटी त्यानं विचारलं, "तू निघालीस त्या दिवशी फोनवर काय बोललात तुम्ही दोघी? मी तेव्हा दुकानात गेलो होतो, औषध आणायला. मला माहीतच नाही."

शलाकानं सांगितलं. तापाचं झालं, पाण्याचं झालं. मग जुईनं विचारलं होतं, तू आकाशात असताना मी तुला हाक मारली तर पोचायला किती वेळ लागेल. आपण हिशेब करून सांगायला लागलो तर ती म्हणाली, हिशेब नको, लवकर की उशिरा ते सांग. आपण म्हणालो, लवकर. मग ती खोकली, आणि ठेवते म्हणाली.

पलीकडे निशिकांत ऐकत होता. मध्येच हुंदका देत होता, तिला थांबायला सांगत होता, पुन्हा पुढे सांगायला लावत होता. दोघंही एकाच वेळी रडत आहेत, हे त्या आठ दिवसांत पहिल्यांदा घडत होतं.

"मला घरी यायचंय," तो शेवटी म्हणाला.

"ये." आणि मग तिच्या ध्यानात आलं. यायचं म्हणजे झोपायचं. झोपून आला की हे सगळं पुन्हा गोठणार.

त्याच्याही ते ध्यानात आलेलं होतं. "काल दिवसभर मी इथल्या विमानतळावर होतो," तो म्हणाला. "फोन खोलीवरच राहिला होता. काउंटरवर जाऊन उभा राहिलो आणि तिकीट घ्यायला तोंड उघडलं, तर रडायलाच लागलो. तिथल्या बाईंनी बसवलं मला. त्यांना विचारलं. जवळच्या टप्प्यांवर अजून बसून जायची विमानं आहेत. आधी सांतियागो, तिथून साओ पाउलो. मग लुआंडा. मग नैरोबी, मुंबई आणि नागपूर. प्रत्येक ठिकाणी थांबायचं, पुढचं धरायचं. पाच दिवस लागतील."

"एवढं बसशील?"

"जागाच येतो," निशिकांत म्हणाला.

"ये. लागू देत पाच दिवस."

त्या पाच दिवसांत त्याचे फोन आले. साओ पाउलोहून, लुआंडाहून. खिडकीतून रात्रभर अटलांटिक पाहिला, तो सांगत असे, काळं पाणी, संपतच नाही. शेजारच्या बाईनं विचारलं कुठे चाललात, तर तिला जुईबद्दल सांगितलं. तिनं हात धरला. नैरोबीत विमान दिवसभर खोळंबलं. त्याला खुर्चीत डुलकी लागे आणि दचकून जाग येई, आणि दर वेळी जाग आल्यावर सगळं पुन्हा आठवे. शलाका ऐके. तिनं वेधशाळेला कळवून टाकलं होतं, आरसा दुसऱ्या कुणाकडून करून घ्या. पुढचं काय ते तिनं ठरवलेलं नव्हतं.

रविवारी सकाळी ती नागपूर विमानतळावर गेली, जागृती दालनाच्या बाजूला नव्हे, पलीकडच्या साध्या दारापाशी. निशिकांत सर्वांत शेवटी बाहेर आला. दाढी वाढलेली, डोळे तांबारलेले, एका हातात जाकीट. तिला पाहून तो थांबला. पायांत बूट कसेबसे अडकवलेले होते आणि चालताना तो लंगडत होता.

त्यानं काही म्हणायच्या आत तिनं त्याला जवळच्या बाकड्यावर बसवलं. त्याचे घोटे सुजून टम्म झाले होते. शलाका खाली फरशीवर बसली, त्याचं एक पाऊल मांडीवर घेतलं आणि बुटाची नाडी सैल करू लागली.